पाच पौंडांची उधारी आणि कपाटभर गाड्या

शेल्फवरच्या प्रत्येक डाय-कास्ट गाडीच्या मागे एक माणूस उभा आहे. तो ना इंजिनीअर होता, ना डिझायनर. मांस आयात करणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे तो हिशेब लिहायचा. त्याचं नाव फ्रँक हॉर्नबी.

माझ्या धाकट्या भावाच्या कपाटात ११२ गाड्या आहेत. खऱ्या नव्हेत, तळहातावर मावतील अशा. आमचं गाव आंबवडे, भोरच्या पुढे. डिप्लोमाला असलेला हा मुलगा सुट्टीच्या दिवशी पहाटेची एसटी पकडून पुण्याला जातो, मॉल उघडायच्या आधी दारात उभा राहतो आणि संध्याकाळी एका गाडीचं पाकीट घेऊन परत येतो. ते पाकीट तो फोडत नाही. कार्डाचा कोपरा दुमडला तरी भाव उतरतो म्हणे. पप्पांना हे काही केल्या पटत नाही. ज्याच्याशी खेळायचं नाही ते खेळणं कसलं, हा त्यांचा साधा सवाल.

दिवाळीत घरी गेले तेव्हा त्याच्या एका डब्यावर १:४३ असा आकडा दिसला. हा ४३ कुठून आला? ४० का नाही, ५० का नाही? त्याला विचारलं तर त्यालाही माहीत नव्हतं. ११२ गाड्यांची कंपनी, मॉडेल, वर्ष तोंडपाठ असलेला माणूस या एका आकड्यावर गप्प बसला. मग मीच शोधायला घेतलं आणि थेट दीडशे वर्षांपूर्वीच्या लिव्हरपूलला जाऊन पोचले.

शाळा सुटली, नाद सुटला नाही

फ्रँक हॉर्नबीचा जन्म १५ मे १८६३ चा, इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरातला. वडील जॉन किराणा आणि खाद्यपदार्थांचे व्यापारी. लिव्हरपूल म्हणजे बंदर. जहाजं, गोद्या, माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या क्रेन, रेल्वेचे रूळ. अशा गावात वाढलेल्या पोराला यंत्रांचं वेड लागलं नसतं तरच नवल.

अभ्यासात मात्र फ्रँक काही चमकला नाही. सोळाव्या वर्षी त्यानं शाळा सोडली आणि वडिलांच्याच धंद्यात रोखपाल म्हणून बसला. सॅम्युअल स्माइल्स या लेखकाचं ‘सेल्फ हेल्प’ हे त्या काळातलं गाजलेलं पुस्तक त्याच्या हाती लहानपणीच पडलं होतं. स्वतःच्या हिमतीवर काहीतरी शोधून काढणाऱ्या माणसांच्या गोष्टी त्यात होत्या. त्या वाचून त्यानंही घरच्या घरी प्रयोग सुरू केले. एकदा सुरू केलं की कधीच थांबणार नाही असं यंत्र बनवायचा घाट त्यानं घातला होता. फिजिक्सवाल्यांना माहीतच आहे, असं यंत्र होऊच शकत नाही. त्याचंही झालं नाही.

१८८७ मध्ये क्लॅरा गॉडफ्रॉय या शिक्षिकेशी त्याचं लग्न झालं. रोलंड आणि डग्लस ही दोन मुलं आणि पॅट्रिशिया ही मुलगी, असा संसार. दिवसा आकडेमोड, संध्याकाळी घर. १८९९ मध्ये वडील गेले आणि धंदा बंद झाला. फ्रँकला नवी नोकरी शोधावी लागली. डेव्हिड एलियट या मांस आयात करणाऱ्या व्यापाऱ्याकडे तो हिशेबनीस म्हणून लागला. वय ३६. हातात डिग्री नाही, धंदा बुडालेला आणि घरात लहान मुलं. आजच्या भाषेत सांगायचं तर त्याच्या प्रोफाइलमध्ये दाखवण्यासारखं काहीही नव्हतं.

एक पट्टी, अनेक भोकं

याच काळात संध्याकाळी घरातल्या छोट्या वर्कशॉपमध्ये तो मुलांसाठी खेळणी बनवायला लागला. पत्रा कापायचा, वाकवायचा, जोडायचा. पूल, ट्रक, क्रेन. पण एक अडचण होती. प्रत्येक खेळण्यासाठी वेगळे भाग कापावे लागायचे. क्रेनचा भाग पुलाला चालायचा नाही, पुलाचा ट्रकला चालायचा नाही. मुलांचं मन भरलं की सगळी मेहनत कोपऱ्यात पडायची आणि बापानं पुन्हा कात्री घेऊन बसायचं.

इथे त्याला जे सुचलं ते ऐकायला फार सोपं वाटतं. भाग सगळे सारखेच ठेवायचे. अर्धा इंच रुंदीच्या पट्ट्या आणि त्यांना अर्ध्या-अर्ध्या इंचावर भोकं. भोकांतलं अंतर सगळीकडे एकच असलं की कुठलीही पट्टी कुठल्याही पट्टीला नटबोल्टनं जोडता येते. तीच भोकं दांड्यांनाही आधार देतात, त्या दांड्यांवर चाकं बसतात. आज क्रेन, उद्या ती उकलून पूल, परवा पूल उकलून मोटार. खेळणं मोडायचं नाही, उकलायचं.

आमच्या गावात संस्थानच्या काळातला झुलता पूल आहे, जिजीसाहेब पूल. नागेश्वराच्या देवळाला येणारे लोक त्यावर उभं राहून फोटो काढतात. या वेळी मी खाली वाकून त्याच्या सांध्यांकडे बघितलं. लोखंड, भोकं, बोल्ट. खऱ्या पुलात जे असतं तेच फ्रँकनं पोरांच्या हातात दिलं होतं, फक्त छोट्या मापात. म्हणून त्याचं खेळणं खोटं वाटत नाही.

सुरुवातीला तो पट्ट्या हातानं कापायचा. नटबोल्टसुद्धा हवे तसे मिळेनात म्हणून स्वतः बनवले. आपल्या डोक्यात आलेली गोष्ट नवी आहे हे हिशेबनीस माणसाच्या लगेच लक्षात आलं. पेटंट घ्यायचं ठरलं, पण पैसे कुठून आणायचे? ज्याच्याकडे नोकरी करत होता त्या एलियटकडूनच त्यानं ५ पौंड उसने घेतले. १९०१ च्या जानेवारीत अर्ज केला आणि त्याच वर्षी पेटंट मिळालं. तेव्हा त्याचं वय होतं ३८.

एलियटनं फक्त पैसे दिले नाहीत. पोराटोरांच्या खेळात वेळ घालवतोस म्हणून कामावरून काढण्याऐवजी त्यानं शेजारची जागा वापरायला दिली आणि स्वतः भागीदार झाला. असा बॉस मिळायला नशीब लागतं!

पाच वर्षं तोट्यात

१९०२ मध्ये खेळ बाजारात आला. नाव होतं ‘मेकॅनिक्स मेड ईझी’. एका संचात १६ प्रकारचे भाग आणि सोबत १२ मॉडेल कशी बनवायची ते सांगणारी छोटी पुस्तिका. लिव्हरपूलच्या विद्यापीठातले इंजिनीअरिंगचे प्राध्यापक हेली-शॉ यांना त्यानं हा खेळ दाखवला आणि त्यांची शिफारस मिळवली. शाळा अर्धवट सोडलेल्या माणसानं प्राध्यापकांचं दार ठोठावलं, हेही थोडं नाही.

तरी पैसा लगेच आला नाही. १९०६ पर्यंत नफा असा झालाच नाही. म्हणजे पेटंटनंतर तब्बल पाच वर्षं. या काळात नोकरी चालूच होती. १९०७ मध्ये त्यानं नोकरी सोडली, स्वतःचे भाग स्वतः बनवायला कारखाना काढला आणि खेळासाठी नवं, सुटसुटीत नाव नोंदवलं. ते नाव म्हणजे मेकॅनो. हो, तोच मेकॅनो. आपल्याकडे पट्ट्या आणि नटबोल्टच्या कुठल्याही खेळाला आजही मेकॅनोच म्हणतात. १९०८ मध्ये मेकॅनो लिमिटेड ही कंपनी उभी राहिली. एलियट बाजूला झाला आणि सगळी सूत्रं फ्रँककडे आली.

पुढचा वेग मात्र भन्नाट आहे. १९१४ मध्ये लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मोठा कारखाना. १९१६ पासून ‘मेकॅनो मॅगझिन’ हे मासिक. म्हणजे फॅन क्लब, कम्युनिटी, कंटेंट मार्केटिंग असले शब्द जन्मायच्या आधी त्यानं हे सगळं करून टाकलं. घड्याळासारखी किल्ली देऊन चालणाऱ्या हॉर्नबी आगगाड्या १९२० मध्ये आल्या. काही वर्षांत त्या विजेवरही धावू लागल्या.

एक गोष्ट मात्र मला खटकली. पेटंटच्या कागदावर त्यानं हा खेळ मुलं आणि तरुणांसाठी असल्याचं लिहिलं होतं. त्यात मुलगा-मुलगी असा भेद नव्हता. पण मेकॅनोच्या जाहिराती पाहिल्या तर इंजिनीअरिंग हे फक्त मुलग्यांचं. डब्यांवरच्या चित्रांतही तेच. स्वतःला एक मुलगी असलेल्या माणसाच्या कंपनीनं हे करावं? तो काळ तसा होता, हे खरं. पण आमच्या घरी भावाला जत्रेतून ट्रक यायचा आणि मला भातुकली, त्याला अजून वीस वर्षंही झालेली नाहीत. ट्रक मी गुपचूप पळवायचे, ही गोष्ट वेगळी.

गाडी आली ती आगगाडीच्या मागून

आता येतो आपला ४३.

हॉर्नबीच्या आगगाड्या लोकप्रिय झाल्यावर मुलांना नुसते रूळ आणि डबे पुरेनात. स्टेशन हवं, फाटक हवं, प्लॅटफॉर्मवर माणसं हवीत. मग कंपनीनं स्टेशनचे कर्मचारी, प्रवासी, शेतातली जनावरं अशा छोट्या मूर्ती काढल्या. तरी फाटकापाशी येणारा रस्ता रिकामाच होता. १९३३ च्या डिसेंबरमध्ये त्या रस्त्यासाठी सहा वाहनांचा संच आला. एक स्पोर्ट्‌स कार, एक कूपे, एक ट्रक, एक डिलिव्हरी व्हॅन, एक ट्रॅक्टर आणि चक्क एक रणगाडा. पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, या गाड्यांना स्वतःचं नाव मिळालं. डिंकी टॉइज. डिंकी म्हणजे छोटं आणि नेटकं.

साच्यात वितळलेला धातू ओतून बनवलेल्या छोट्या मोटारी जगात पहिल्यांदा आल्या असं मात्र नाही. अमेरिकेतल्या ‘टूट्सीटॉय’ गाड्या आधीपासून विकल्या जात होत्या. पण मोटारींचा संग्रह करणं हा जो नाद पुढे जगभर पसरला, त्यात डिंकीचा वाटा फार मोठा.

तर हिशेब असा. हॉर्नबीच्या मोठ्या आगगाड्या ‘ओ गेज’ नावाच्या मापाच्या होत्या. ब्रिटनमध्ये या मापात खऱ्या एका फुटाला मॉडेलमध्ये ७ मिलिमीटर धरतात. एक फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. त्याला ७ नं भागा. उत्तर येतं साधारण ४३.५. रस्त्यावरची मोटार रुळावरच्या डब्यासमोर विचित्र दिसू नये म्हणून तिचं मापही त्याच्या आसपास. सुरुवातीला हे माप काटेकोर नव्हतं, पण पुढे १:४३ हे मोटारींच्या संग्रहाचं जगभरचं प्रमाण होऊन बसलं. रूळ गेले, आगगाडी गेली, आकडा राहिला. भावाच्या कपाटातली ती गाडी खरं तर फाटक उघडायची वाट बघत उभी आहे.

हे चित्र प्रत्यक्ष बघायचं असेल तर लांब जायला नको. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय आहे. धावत्या छोट्या गाड्या आणि भोवती वसवलेलं छोटं शहर. तिथे उभं राहिलं की कळतं, नुसती आगगाडी कधीच पुरत नाही. तिच्याभोवती गाव लागतं.

डिंकीच्या वेळी फ्रँक सत्तरीचा होता. तोपर्यंत तो श्रीमंत झाला होता, लिव्हरपूलजवळच्या मॅगहल गावात त्याचा बंगला होता. १९३१ मध्ये तो एव्हर्टन मतदारसंघातून खासदार म्हणून निवडूनही आला. १९३५ पर्यंत त्यानं ते पद सांभाळलं. तब्येत मात्र साथ देत नव्हती. हृदयाचं दुखणं जुनं होतं, त्यात मधुमेह. २१ सप्टेंबर १९३६ रोजी त्याचं निधन झालं. कंपनी मुलाकडे, रोलंडकडे गेली. पूर्वी ज्याच्यासाठी पत्रा कापला गेला, त्या दोघांपैकी एक.

डिंकी ते कलकत्ता

फ्रँकनंतरची गोष्ट तुमच्या जास्त ओळखीची आहे. लंडनमधल्या लेस्नी कंपनीच्या जॅक ओडेलच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं आणायची परवानगी होती. त्यानं तिच्यासाठी काडेपेटीत बसेल असा रोडरोलर बनवला आणि १९५३ मध्ये मॅचबॉक्स गाड्या आल्या. १९६८ मध्ये अमेरिकेच्या मॅटेलनं हॉट व्हील्स आणल्या. या गाड्या सुसाट पळायच्या. त्यांच्यापुढे डिंकी जुन्या वाटू लागल्या. त्याआधीच, १९६४ मध्ये, मेकॅनो कंपनी दुसऱ्यांच्या ताब्यात गेली होती. १९७९ च्या नोव्हेंबरमध्ये बिन्स रोडचा कारखाना बंद झाला. ६५ वर्षं चाललेला कारखाना. आज डिंकी हे नाव मॅटेलकडेच आहे, म्हणजे हॉट व्हील्स, मॅचबॉक्स आणि डिंकी एकाच छताखाली.

या गोष्टीत भारतही आहे. १९६० च्या दशकाच्या शेवटी डिंकीचे काही जुने साचे कलकत्त्याच्या एस. कुमार अँड कंपनीकडे आले. त्यातून निघालेल्या गाड्या ‘निकी टॉइज’ नावानं विकल्या गेल्या. इंग्लंडमध्ये जुने झालेले साचे, आपल्याकडचा रंग, आपल्याकडचे कामगार. तेव्हा त्या स्वस्तातल्या गाड्या होत्या. आज जगभरातले संग्राहक त्या शोधत असतात.

जस्ताला लागलेली कीड

आता पप्पांच्या सवालाकडे येते.

जुन्या डिंकी गाडीला आज मोठी किंमत का येते? कारण धडधाकट अवस्थेत त्या फार कमी उरल्या आहेत. आणि कमी का उरल्या? कारण मुलांनी त्या मनसोक्त वापरल्या. अंगणात पळवल्या, पायऱ्यांवरून सोडल्या, रंग उडवले, टायर हरवले. सगळ्यांनी पाकीटबंद ठेवल्या असत्या तर त्यांना आज कोणी विचारलं नसतं. म्हणजे एका गाडीची किंमत दुसऱ्या शंभर गाड्यांच्या खेळण्यावर उभी आहे.

दुसरी गोष्ट त्याहून मजेशीर. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या अनेक डिंकी गाड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या आहेत. त्या मिश्रणात शिसं किंवा अशी दुसरी भेसळ थोडी जरी शिरली असेल तरी वर्षानुवर्षं धातू आतल्या आत फुगतो, तडकतो आणि शेवटी त्याचा भुगा होतो. ओलसर हवेत हे आणखी लवकर होतं. याला जस्ताची कीड म्हणतात, पण ती खरी कीड नाही, फवारणीनं जात नाही आणि एकदा लागली की इलाज नाही. डबा उघडलेला असो की बंद, फरक पडत नाही. कोणीतरी आयुष्यभर जपलेला डबा उघडावा आणि आत तुकडे निघावेत, असं खरंच घडतं. आजचा धातू जास्त शुद्ध असतो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण कपाटात ठेवलं म्हणजे टिकलं, हे काही खरं नाही.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, दौती, कुलपं बघताना हेच जाणवतं. ती माणसांच्या हातातून गेलेली रोजच्या वापरातली वस्तू आहे, म्हणून ती बघाविशी वाटते.

मला वाटतं, फ्रँक हॉर्नबीनं आयुष्यभर एकच गोष्ट विकली. उघडून बघण्याची परवानगी. जोडा, उकला, पुन्हा जोडा. पाकीट न फोडता कपाटात ठेवायचं, हा त्याचा मार्गच नव्हता. याचा अर्थ संग्रह करणारे वेडे, असा नाही. आपल्या वस्तूची नीट नोंद ठेवणं, तिचा इतिहास शोधणं, दोन मॉडेलमधला बारीक फरक ओळखणं, ही शिस्त आहे. माझ्या भावात ती आहे आणि माझ्यात नाही. पण ११२ पैकी एकाही गाडीची चाकं कधी फिरलीच नाहीत, तर आपण नक्की काय जमवलं?

हे सगळं मी गेल्या रविवारी त्याला सांगितलं. रेल्वेचा हिशेब, पाच पौंड, जस्ताची कीड, सगळं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग कपाटातून एक पाकीट काढलं, ज्याच्या त्याच्याकडे दोन प्रती होत्या ते. (शेवटी संग्राहकच तो!) कात्रीनं प्लॅस्टिक कापलं आणि गाडी ओट्यावर ठेवली.

पप्पांनी पेपर बाजूला ठेवून तिला बोटानं हलकंच ढकललं. गाडी सरळ गेली, उंबऱ्याला धडकली आणि उलटी पडली. पप्पांनी ती उचलली, चाकं फिरवून पाहिली आणि पुन्हा सोडली.